मदत रकमेत नको, पोचलेल्या मालात मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रत्येक मित्रदेशाने राष्ट्रीय उत्पन्नाचा पाव टक्का युक्रेनला दिला की वाटणीची कुरबुर संपेल, असे आपण कालच्या अग्रलेखात लिहिले आहे. पाव टक्क्याची सूचना एस्टोनियाची. ती प्रामाणिक आहे आणि त्या चिमुकल्या देशाने ती पाळूनही दाखवली आहे. पण अडते ते टक्क्यांपाशी नाही. ज्या शहरात खडकीचा दारूगोळा कारखाना दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, तिथल्या वृत्तपत्राने तोफगोळ्यावर अग्रलेख लिहून त्यात गोळा कसा बनतो याची एक ओळही देऊ नये, याचे वाईट वाटते.

मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने बारा महिन्यांत दहा लाख तोफगोळे द्यायचे कबूल केले. पैसा मंजूर होता. मुदत भरली तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते. असे का झाले?

१५५ मिमी व्यासाचा एक गोळा ४३ ते ४७ किलोचा. पोलादी ठोकळा तापवून फोर्ज करायचा, लेथवर कातायचा, उष्णतेची प्रक्रिया करायची, गोळ्याला नळीत फिरकी देणारा तांब्याच्या धातूचा पट्टा, म्हणजे ड्रायव्हिंग बँड, बसवायचा. मग वितळलेले टीएनटी हे स्फोटक ओतायचे. टीएनटी साधारण ८० अंशांना वितळते आणि थिजताना आकसते. ते भराभर थंड केले तर आत पोकळी राहते किंवा तडा जातो. तोफ डागताना बसणाऱ्या धक्क्याने असा गोळा नळीतच फुटू शकतो आणि तोफेवरची माणसे जातात. म्हणून सावकाश थंड करणे, एक्स-रे काढणे, लॉटमधले काही गोळे चाचणीसाठी डागून बघणे, यातले काहीही गाळता येत नाही. दुप्पट पैसे दिले म्हणून टीएनटी निम्म्या वेळात थिजत नाही.

बरे, टीएनटी आणायचे कुठून? अमेरिकेने त्याचे उत्पादन १९८० च्या दशकातच बंद केले. युरोपात मोठा कारखाना म्हणावा असा पोलंडमधल्या बिडगोश्चचा. गोळा नळीतून बाहेर फेकणाऱ्या दारूसाठी, म्हणजे प्रोपेलंटसाठी, नायट्रोसेल्युलोज लागते. ते सरकीला चिकटलेल्या आखूड तंतूंपासून, म्हणजे लिंटरपासून बनते, आणि त्याचा मोठा पुरवठादार चीन. गोळा फोडणारा फ्यूज आणि दारू पेटवणारा प्रायमर आणखी वेगळ्या कारखान्यांतून येतात. यातली एक वस्तू अडली की बाकीचा सगळा माल गोदामात पडून राहतो. त्यात खरेदी युरोपातल्याच कारखान्यांकडून व्हावी, हा फ्रान्सचा आग्रह होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेक प्रजासत्ताकाने युरोपाबाहेर आठ लाख गोळे शोधून दाखवले, पाच लाख १५५ मिमीचे आणि तीन लाख १२२ मिमीचे. माल समोर होता, तरी पैसे गोळा करायला महिने गेले. तिकडे माणसे मरत असताना हा वेळ गेला, हे मला फार लागते.

आपण १९९१ च्या आखाती युद्धाचा दाखला दिलात. तो इथे लागू पडत नाही. तेव्हाच्या सुमारे ६१ अब्ज डॉलर खर्चापैकी ५४ अब्ज इतर देशांनी भरले, कारण फौज आणि कोठार प्रामुख्याने अमेरिकेचे होते. वाटायचे होते ते फक्त बिल. इथे कोठारच वाटून घ्यायचे आहे.

शिवाय कोठारातल्या वस्तूची किंमत कोणी ठरवायची? २०२३ मध्ये पेंटागॉनने कबूल केले की दिलेल्या शस्त्रांचे मोल ६.२ अब्ज डॉलरनी जास्त धरले गेले. जुन्या वस्तूला नव्या खरेदीचा भाव लावला होता. हिशेबाचा नियमच एक नसेल तर कोणी किती टक्के दिले ही तुलना व्यर्थ आहे. जाहीर केलेले, नेमून दिलेले आणि पोचलेले असे तीन रकाने हवेत. निर्वासितांवरचा खर्च चौथ्या रकान्यात घ्या, शस्त्रांत मिसळू नका.

तोफांचेही तेच. अमेरिकेची एम-७७७ आणि ब्रिटनची एएस-९० यांच्या नळ्या व्यासाच्या ३९ पट लांब. जर्मनीची पीझेडएच-२०००, फ्रान्सची सीझर आणि पोलंडची क्राब ५२ पट. सगळ्या १५५ मिमीच्या, पण चेंबर, म्हणजे नळीच्या मागची दारू भरायची जागा, कुठे १८ लिटरचा, कुठे २३ चा. दारूचे चार्ज वेगळे, पल्ल्याची कोष्टके वेगळी, सुटे भाग तर एकमेकांना लागतच नाहीत. नळ्या झिजतात, बदलाव्या लागतात. म्हणून माझे म्हणणे असे, की एका प्रकारच्या तोफेची नळी, सुटे भाग आणि दुरुस्ती यांची पुरी जबाबदारी एकाच देशाने घ्यावी. ज्याच्याकडे कारखाना नाही त्याने डेन्मार्कसारखे करावे. २०२४ मध्ये डेन्मार्कने पैसे थेट युक्रेनच्या कारखान्याला दिले आणि १८ बोहदाना तोफा काही महिन्यांत तयार झाल्या. ही वाटणी मला पाव टक्क्याच्या हिशेबापेक्षा कितीतरी खरी वाटते.

जाता जाता आणखी एक. अग्रलेखाशेजारी '१५५ मिमी तोफगोळे' म्हणून जो फोटो छापला आहे, त्यात पितळी काडतुसे दिसतात. या तोफांच्या १५५ मिमी गोळ्याला काडतूस नसते. गोळा आधी भरतात आणि चार्ज मागून वेगळा घालतात. फोटोतला माल बहुधा १२२ मिमीचा, सोव्हिएत बनावटीचा आहे. हे दोन गोळे एकमेकांच्या तोफेत चालत नाहीत. कृपया दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानावर कोपऱ्यात नको, अग्रलेखाच्याच पानावर हवी.

आपला,
एक वर्गणीदार वाचक, औंध रोड, पुणे