सहाचा गजर बंद कर

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

एका घरात राहून पत्र लिहिते आहे. रात्री दीडला तू मिहानच्या ऑफिसातून येतो तेव्हा मी झोपलेली असते, सकाळी मी उठते तोवर तू जिमला गेलेला असतो. दुपारी जेवतानाही कानात हेडफोन. म्हणून हे डब्याच्या पिशवीत ठेवते.

परवा तुला 38 ची पॅन्ट घ्यावी लागली. दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागला तेव्हा 34 ची होत होती. दुकानातून निघताना तू म्हणाला, "आई, माझा तोंडावर ताबाच नाही." ते वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही, कारण नाईट ड्युटीच्या दिवसांत मीही स्वतःला हेच म्हणायची. पहाटे तीनला पोटात अशी आग पडायची की वॉर्डाबाहेरच्या टपरीवरचे दोन-दोन आलुबोंडे आणि गोड चहा संपायचा. घरून नेलेली भाजी-पोळी तशीच परत यायची, जसा आता तुझा डबा येतो. मला वाटायचं, मी हावरट झाले. तेरा किलो वजन वाढलं आणि त्याचा दोष मी कितीतरी वर्षं जिभेला दिला.

दोष जिभेचा नव्हता रे, अपुऱ्या झोपेचा होता. भूक लागल्याचा निरोप पोटातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक नेतं, आणि 'आता पुरे' हे चरबीतून निघणारं लेप्टिन सांगतं. शिकागो विद्यापीठात 12 तरुण, धडधाकट मुलांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोटभर झोपल्यावर होतं त्यापेक्षा लेप्टिन 18 टक्के कमी भरलं, घ्रेलिन 28 टक्के जास्त. ओढ सगळ्यात वाढली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. 2004 सालचा अभ्यास आहे हा. दोन रात्रींत एवढं, आणि तुझी तर दोन वर्षं झाली.

आता तू जिम लावली आणि रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं. हेतू चांगला आहे, पण त्यासाठी दोनला झोपून सहाला उठतो, याचीच मला काळजी वाटते. तिथल्याच 2010 च्या अभ्यासात वजन उतरवायला जेवण कमी केलेल्या माणसांना 14 दिवस साडेआठ तास झोपेची मुभा दिली, आणि त्याच माणसांना पुन्हा 14 दिवस साडेपाच तासांची. वजन दोन्ही वेळी जवळपास सारखंच उतरलं, तीन किलोच्या आसपास. पण झोप कमी असताना चरबी निम्म्याहून कमी गेली, बाकी स्नायू झिजले. म्हणजे जिममध्ये घाम गाळून तू जे कमावतो, तेच झोप मोडून घालवतो. त्यापेक्षा जिमला दुपारी अकराला जा, नाहीतर महिनाभर जाऊच नको. मला चालेल.

उलटही होतं. 2022 मध्ये साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या 80 जाडसर माणसांना फक्त झोप वाढवायला शिकवलं. झोप सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि खाणं रोज सुमारे 270 कॅलरींनी आपोआप घटलं. कमी खा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कामाच्या तासांचं मात्र तुझ्या एकट्याच्या हातात नाही, ते मला कळतं. कागदावर सुटी दहाला, पण अमेरिकेच्या कॉलसाठी तू एकपर्यंत बसतो. आठवड्याचे साठ तास होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलं की 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्के अधिक असतो. आठवड्यातले दोन दिवस तरी त्या कॉलला दुसरं कुणी बसेल का, एवढं तुझ्या साहेबांना विचार. मागायला लाज वाटायचं कारण नाही. तू फुकट काही मागत नाहीस.

कंबर टेपने मोज. आपल्याकडच्या पुरुषांना 90 सेंटिमीटरची मर्यादा सांगतात. ओरडण्यासाठी नाही, आज किती आहे ते लिहून ठेवण्यासाठी.

डब्यात ज्वारीची भाकरी आणि झुणका आहे, आठ-साडेआठला खाऊन घे. एक वाजता वर्धा रोडच्या गाडीवर थांबू नको. तुझ्या खोलीला जाड पडदे शिवायला टाकले आहेत, शनिवारी मिळतील. बाबा कूलरची टाकी सकाळी सहाला भरतात, तो नळाचा आवाज थेट तुझ्या खिडकीशी येतो. आजपासून ते संध्याकाळीच भरून ठेवणार आहेत.

तुझी,
आई