वाड्यावरच्या संस्थांना एक सामाईक कार्यालय हवे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोवा विधानसभेत अनुसूचित जमातींसाठी जागा राखून ठेवण्याचा मार्ग मोकळा करणारे विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. तेव्हापासून कोणता मतदारसंघ राखीव होणार आणि कोणाचे गणित चुकणार, याचीच चर्चा चालू आहे. ४० जागांच्या सभागृहात या समाजासाठी तोवर एकही जागा राखीव नव्हती, हे लक्षात घेता ती व्हायलाच हवी. परंतु वाड्यावरचे महिला मंडळ, धालो-फुगडी ही बायकांची लोकनृत्ये करणारे पथक, युवक संघ, वनहक्काच्या दाव्यांसाठी धावपळ करणारी चार-पाच माणसे, अशा ज्या लहानसहान संस्था या समाजाचे रोजचे काम करतात, त्यांच्या अवस्थेबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी केपे, सांगे आणि काणकोण तालुक्यांतील अशा काही संस्थांची कीर्द-खतावणी विनामोबदला लिहून देतो. त्यांपैकी एका महिला मंडळाची हकीकत सांगतो. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून शिवणयंत्रे मिळावीत म्हणून या मंडळाने आयकर खात्याकडील दोन्ही नोंदण्या, म्हणजे आपण ज्यांना सवयीने ‘बारा-अ’ (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ‘ऐंशी-जी’ (देणगीदाराला करसवलत) म्हणतो त्या, बऱ्याच खटपटीने मिळवल्या, कारण २०२१ पासून त्यांशिवाय असा निधी मिळत नाही. निधी मात्र मिळाला नाही. तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा, असे उत्तर आले, आणि नियम पाहता ते चूक नव्हते. दरम्यान गावातल्याच लोकांनी मंडळाला १२ हजार रुपयांची देणगी दिली. अशा देणग्यांचे विवरण ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरावे लागते, हे मंडळात कोणालाच ठाऊक नव्हते. ऑगस्टच्या मध्यावर ते माझ्या लक्षात आले, तेव्हा दिवसाला २०० रुपयांप्रमाणे विलंब शुल्क १२ हजारांवर जाऊन थांबले होते. ते देणगीच्या रकमेपलीकडे वाढत नाही, एवढीच काय ती कायद्याची दया. देणगी आली तशी गेली.

या बायकांना हिशेब येत नव्हता असे कोणी समजू नये. त्यांच्या वहीत प्रत्येक रुपयाची नोंद होती. त्यांना ठाऊक नव्हते ते पोर्टल, त्याचा पासवर्ड आणि त्याची तारीख. आणि हे ठाऊक असलेला माणूस जवळात जवळ मडगावला, फी आकारून भेटणारा. संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा आहे. कार्यकारिणीची यादी दरवर्षी निबंधकाकडे देणे त्यात जुनेच आहे. पण त्यावर गेल्या काही वर्षांत इतके थर चढले आहेत की १५ जणींचे मंडळ आणि शेकडो कर्मचाऱ्यांची संस्था यांना जवळजवळ एकाच चाळणीतून जावे लागते.

वनहक्कांच्या बाबतीतही हेच. कायदा २००६ चा, आणि गोव्यातील हजारो दावे त्यानंतर वर्षानुवर्षे पडून राहिले. गावातील ज्येष्ठांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरता येतो, ही नियमांतील तरतूद एका वाड्यावर तोंडपाठ असते, तर डोंगरापलीकडच्या वाड्यावर लोक जुन्या पावत्या शोधत बसलेले असतात. धालोच्या मांडाची गोष्ट याहून अवघड. पिढ्यान् पिढ्या ज्या जागेवर धालो होतात, ती अनेकदा भाटकाराच्या (जमीनदाराच्या) किंवा कोमुनिदादीच्या (जुन्या गावसंस्थेच्या) नावे असते आणि एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर मांडाचा मागमूसही नसतो. एखाद्या मंडळाने ही लढाई कागदोपत्री कशी लढवली, हे दुसऱ्या मंडळाला कळायचे साधनच नाही. मी स्वतः एका गावचा अर्ज दुसऱ्या गावी नमुना म्हणून पिशवीतून नेला आहे.

नोंद नसल्याने काय होते, हे या समाजाने जनगणनेत पाहिले आहे. २००१ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या ५६६ भरली होती. गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा समावेश २००३ मध्ये झाला आणि २०११ च्या जनगणनेत हाच आकडा १,४९,२७५ वर गेला. माणसे तीच होती. हा बदल संघटनांनी घडवला. गावडा, कुणबी, वेळीप, धनगर यांच्या आद्याक्षरांतून उभा राहिलेला गाकुवेद महासंघ त्यांत होता. पुढे ‘उटा’ (युनायटेड ट्रायबल असोसिएशन्स अलायन्स) या आदिवासी संघटनांच्या आघाडीच्या झेंड्याखाली २५ मे २०११ रोजी बाळ्ळी येथे झालेल्या आंदोलनात मंगेश गावकर आणि दिलीप वेळीप यांचा बळी गेला. या महासंघांचे ऋण मान्य करूनच सांगतो, की मी सुचवीत असलेले काम त्यांचे नाही. मोर्चा काढणारी संघटना वेगळी आणि मंडळाचे विवरणपत्र वेळेवर भरले गेले की नाही हे पाहणारे कार्यालय वेगळे. दुसरे आपल्याकडे नाही.

माझा भाचा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या गोंयकारांची तिथे मोठी वस्ती आहे, आणि इथे बहुसंख्य म्हणून मिरवणारे आपले लोकही तिथे वांशिक अल्पसंख्यच ठरतात. त्या देशात अल्पसंख्यांच्या लहान स्वयंसेवी संस्थांना प्रशिक्षण देणारी, निधीचे अर्ज करायला शिकवणारी आणि सरकारदरबारी त्यांचे म्हणणे मांडणारी प्रादेशिक जाळी उभी राहिली. ब्रिस्टलमधील ‘ब्लॅक साउथ वेस्ट नेटवर्क’ हे त्यांपैकी एक. स्विंडन त्याच नैर्ऋत्य प्रदेशात मोडते. सर्व आलबेल तिथेही नाही. आधार देणाऱ्या अशा संस्थांना बळ देण्यासाठी २००६ मध्ये सुरू झालेली ‘कॅपॅसिटीबिल्डर्स’ ही सरकारी संस्था खर्चकपातीच्या काळात, २०११ मध्ये, बंद झाली. म्हणूनच सगळा भार सरकारी अनुदानावर टाकू नये, असे मला वाटते.

परदेशी पैशाचा विचार तर सोडूनच द्यावा. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी मिळालेल्या संस्थेला त्यातला रुपयाही दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. एका मोठ्या संस्थेने पैसा आणायचा आणि लहानांना वाटायचा, ही जुनी पद्धत त्यामुळे मोडली. एका अर्थी बरेच झाले, कारण पैसा वाटणाऱ्याच्या दारात रांग लागते आणि पुढे त्याचाच पुढारी होतो.

माझ्या डोळ्यांसमोर आहे ते एवढेच: केप्यात किंवा काणकोणात एक खोली, हिशेब जाणणारी एक व्यक्ती, अर्ज भरून देणारी दुसरी, सभासद-संस्थांच्या सर्व मुदतींची भिंतीवर एक दिनदर्शिका आणि यशस्वी ठरलेल्या अर्जांच्या प्रतींचे कपाट. सभासद-संस्थांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी द्यावी, उरलेला खर्च आदिवासी कल्याणाच्या तरतुदीतून मिळावा, आणि अध्यक्षपदी कोणताही आमदार किंवा मंत्री नसावा. शेवटची अट कोणाला बोचेल, पण समाजाच्या एका संस्थेच्या दोन कशा होतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

यात दोन अडचणी आहेत. धनगर समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा अद्याप मिळालेला नाही, त्यामुळे आदिवासी कल्याणाचा पैसा त्यांच्या मंडळांवर खर्च झाला की लेखापरीक्षणात हरकत येणार. त्यांचे काम वर्गणीच्या पैशातून करावे लागेल, पण त्यांना बाहेर ठेवून चालणार नाही. दुसरी अडचण भाषेची. गावडा समाजात हिंदू आहेत, १९२८ च्या शुद्धीनंतरचे नवहिंदू आहेत आणि ख्रिश्चनही आहेत. एका मंडळाचे इतिवृत्त मराठीत, दुसऱ्याचे देवनागरी कोकणीत, तिसऱ्याचे रोमी लिपीत, आणि फॉर्म मात्र सगळे इंग्रजीत. कार्यालयात या तिन्ही वह्या वाचता येणारे माणूस लागेल. माझ्यासारख्या मराठीवाल्याला रोमीतले इतिवृत्त वाचताना पहिले सहा महिने घाम फुटला, हेही कबूल करतो.

संबंधित खात्याने निदान या तीन तालुक्यांतील नोंदणीकृत मंडळांची एक बैठक बोलावावी आणि ती कामाच्या दिवशी सकाळी न ठेवता रविवारी दुपारी ठेवावी, म्हणजे रोजंदारीवर जाणाऱ्या सचिवांनाही येता येईल. खोली मिळाली तर आठवड्यातून दोन दिवस तिथे बसून वह्या तपासून द्यायला मी तयार आहे. माझ्यासारखे आणखी चार-पाच निवृत्त कर्मचारी कुडचडे-सावर्डे परिसरात सहज निघतील.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कुडचडे