गाडी स्वस्तात मिळते, पार्ट मिळत नाहीत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जुन्या स्पोर्ट्स कार आता चांगल्या एसयूव्हीच्या पैशात मिळतात असा लेख तुमच्या रविवारच्या अंकात आला होता. आमच्या वाडीतल्या दोन मुलांनी त्याचा फोटो काढून मला पाठवला आणि विचारलं, काका घेऊया काय, म्हणून हे पत्र लिहितोय. मी मालवणात राहतो, २०१९ पासून माझ्याकडे अशीच एक सेकंडहँड जर्मन दोन सीटर आहे, कापडी छप्पर उघडणारी, इंजिन सीटच्या मागे. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तक्रार गाडीबद्दल नाहीच, माझा जीव आहे तिच्यावर.

लेखात घ्यायची किंमत होती, सांभाळायची नव्हती. ६५ लाखांची गाडी मी २२ ला घेतली, पण तिचा वॉटर पंप, क्लच, सस्पेन्शनचे आर्म हे आजही ६५ लाखांच्या गाडीचेच आहेत आणि बिल तसंच येतं. त्यात मजुरी वेगळी. फेरारी ३५५ चं उदाहरण घ्या, १९९० च्या दशकातली गाडी, तिचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतले भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा, बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं आणि हे दर तीन ते पाच वर्षांनी, गाडी चालवा नाहीतर नुसती उभी ठेवा, कारण रबर वयाने मरतं. पुढे फेरारीच्याच २००४ च्या एफ४३० मध्ये बेल्टच्या जागी चेन आली तेव्हा कुठे तो खर्च गेला. म्हणजे नुसतं मॉडेल एक-दोन पिढ्या पुढचं घेतलं तरी लाखोंचा फरक पडतो, आणि हे विकणारा स्वतःहून सांगत नाही.

आता आपल्या किनाऱ्याचं सांगतो, कारण मुंबई-पुण्याच्या माणसाला हे कळणार नाही. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बारा महिने खारा वारा. माझ्या गाडीच्या छपराला पाणी जायला बारीक ड्रेन आहेत, शेजारच्या सुरूची पानं त्यात जाऊन बसली, आणि पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत उतरून सीटखाली साचलं. नेमकं तिथेच कंट्रोल युनिट, म्हणजे चावी-लॉक सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा. सकाळी गाडी चावीच ओळखेना. जवळ कोणी हात लावायला तयार नाही, फ्लॅटबेडवर घालून मुंबईला नेली, जवळजवळ ५०० किलोमीटर, २८ हजार नुसतं भाडं, आणि युनिट, वायरिंग, कार्पेट धरून १ लाख ८० हजार. आई तेव्हा रोज म्हणायची, पावसात कित्याक भायर काढतस ती? पण गाडी बाहेर काढलीच नव्हती, अंगणातच उभी होती हो, हेच मला लोकांना सांगायचंय.

पुढच्या बंपरच्या जाळीमागे रेडिएटर असतात, त्यांच्यासमोर एसीचा कंडेन्सर, त्या फटीत पानं आणि वाळू अडकून ओली राहते आणि ॲल्युमिनियम आतून खाऊन टाकते. वर्षातून एकदा बंपर उतरवून ते हाताने साफ करायचं. आपले होडीवाले दर्यावरून आले की मशीन गोड्या पाण्याने फ्लश करतात ना, तसंच समुद्राकडेच्या रस्त्याने फिरून आलं की गाडीला खालून गोडं पाणी मारायचं, मी चुकवत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. टायरवर शेवटचे चार आकडे बघायचे, ३५१८ म्हणजे २०१८ चा पस्तिसावा आठवडा, नक्षी कितीही शिल्लक असली तरी तो टायर म्हातारा झाला. माझा सेट १ लाख ४० हजारांना पडला. उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच.

इन्शुरन्सचंही बघा, इंजिनात पाणी शिरलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं आणि जुन्या गाडीला ते मिळणं कठीण. १५ वर्षं झाली की पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर.

मी वर्षाला अडीच-तीन लाख बाजूला काढतो, गाडी जेमतेम चार हजार किलोमीटर चालते. हे परवडत असेल तर जरूर घ्या, शिमग्याच्या दिवसांत पहाटे छप्पर उघडून देवबागच्या रस्त्याला जाण्यासारखं सुख नाही. पण सगळे पैसे गाडीतच घालून हात रिकामे करू नका, आणि टोकन देण्याआधी लिफ्टवर चढवून जाणत्या मेकॅनिकला खालून दाखवा, सर्विसची जुनी बिलं मागा, बिलं नसतील तर सोडून द्या. तुमच्या पेपरने अशा लेखात वर्षाच्या खर्चाचा एक रकाना तरी द्यावा ही विनंती.

त्या दोन मुलांना येत्या रविवारी घरी बोलावलंय, गाडी जॅकवर घेऊन सगळं खालून दाखवणार आहे, बिलांची फाइलही काढून ठेवलीय. तुमच्या वार्ताहराला यायचं असेल तर त्यांनीही यावं.

आपला,
एक वाचक, मालवण