आमदारांनो, एका वॉर्डाला एक नगरसेवक द्या आणि क्षेत्रसभा सुरू करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी 2026 मध्ये महापालिकांच्या निवडणुका एकदाच्या पार पडल्या, गुलाल उधळून झाला, नवे नगरसेवक कामाला लागले. आनंद आहेच, कारण मुंबई आणि पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती, नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरची तर 2020 मध्ये, आणि तेव्हापासून सगळा कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे टॅक्स आम्ही भरत होतो, पण सभागृहात आमच्या वतीने बोलणारं कुणीच नव्हतं. मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे असं राज्यघटनेत स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी शेवटी मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की आता निवडणुका घ्या. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खरा होता आणि तो सुटायलाच हवा होता, पण त्याच काळात एका प्रभागातून किती नगरसेवक निवडायचे आणि एकूण जागा किती यावरही सरकारं बदलली तसे निर्णय बदलत गेले, ते प्रकरणही कोर्टात गेलं आणि वर्षं निघून गेली. याबद्दल कुठल्याच पक्षाला फार वाईट वाटलेलं मला दिसलं नाही, म्हणून हे पत्र.

प्रभागांचा इतिहास बघा म्हणजे लक्षात येईल. मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांत 2002 ला तीन सदस्यांचा प्रभाग, 2007 ला परत एक वॉर्ड एक नगरसेवक, 2012 ला दोन, 2017 ला चार. मग महाविकास आघाडीने आधी एक म्हटलं, नंतर तीन केले, आणि 2022 ला सरकार बदललं तसे परत चार. सरपंच आणि नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडायचे की नाही याचंही तेच, एका सरकारने आणलं, दुसऱ्याने रद्द केलं, तिसऱ्याने परत आणलं. मी कुठल्याच पक्षाचा नाही, पण सगळ्याच पक्षांनी नियम ठरवताना आपल्या जागा कशा वाढतील हेच पाहिलं असं माझं स्पष्ट मत आहे, नागरिकाला काय सोयीचं पडेल हा विचार कुणी केला असता तर वीस-पंचवीस वर्षांत इतक्या वेळा नियम फिरले नसते.

चार सदस्यांच्या प्रभागात प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. गेल्या टर्ममध्ये आमच्या गल्लीतला ड्रेनेजचा चेंबर तुंबला आणि घाण पाणी तळमजल्यावरच्या एका आजींच्या दारापर्यंत आलं. पहिल्या नगरसेवकांना फोन केला तर म्हणाले तुमची बाजू ते दुसरे बघतात, दुसरे म्हणाले माझा निधी संपलाय तुम्ही ताईंशी बोला, ताईंचा फोन त्यांचे मिस्टर उचलायचे आणि बघतो म्हणायचे, चौथे तर निवडून आल्यापासून आमच्या बाजूला फिरकलेच नव्हते. चौघेही आमचेच प्रतिनिधी, चौघांनाही आम्हीच मतं दिलेली, आणि जबाबदारी एकाचीही नाही. शेवटी गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून खासगी माणूस बोलावला आणि चेंबर साफ करून घेतला. नंतर महिन्याभरातच त्याच गल्लीत चांगले धड असलेले पेव्हर ब्लॉक उखडून नवीन बसवले गेले, खालची ड्रेनेज लाइन मात्र होती तशीच जुनी राहिली. आम्हाला कुणी एका शब्दाने विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं की ब्लॉक राहू द्या, लाइन बदला.

विचारायची जागा कायद्यात आहे, आणि हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. गावात ग्रामसभा असते तशी शहरात क्षेत्रसभा घ्यायची तरतूद आपल्या राज्याने 2009 मध्येच महापालिकांच्या कायद्यात केली. मतदान केंद्रांच्या हिशोबाने प्रभागाचे छोटे भाग करायचे, त्या भागातले मतदार हेच सभेचे सदस्य, नगरसेवकाने सभा बोलवायची, लोकांनी कामं सुचवायची, कुठलं आधी कुठलं नंतर ते ठरवायचं. इतकी साधी गोष्ट आहे. पण तुमच्या ओळखीत कुणी कधी क्षेत्रसभेला जाऊन आलंय का, जरा विचारून बघा. बहुतेकांनी नावसुद्धा ऐकलेलं नसतं. मी पालिकेच्या ऑफिसमध्ये चौकशी केली तर काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने मला वॉर्ड ऑफिसच्या तक्रार रजिस्टरकडे पाठवलं.

ग्रामसभेत पण अडचणी आहेत, कोरम भरत नाही, अर्धे ठराव कागदावरच राहतात, हे गावाकडची माणसं सांगतीलच. तरी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा असते हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि तिथे उभं राहून सरपंचाला हिशोब विचारता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा या गावाने तर सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घ्यायची पद्धत वर्षानुवर्षं चालवली, 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 मध्ये आपला बांबू स्वतः विकायचा अधिकारही. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा. जंगलातल्या छोट्या गावाला जे जमलं ते इंजिनियर, वकील, प्रोफेसर खच्चून भरलेल्या शहरी वस्तीला जमणार नाही असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. केरळात 1996 ला लोकांनीच आपल्या भागातली कामं ठरवायची लोकयोजना सुरू झाली तेव्हापासून शहरांतही वॉर्ड सभा होतात, तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत.

फक्त एक गोष्ट आहे, चार जणांचा प्रभाग ठेवून क्षेत्रसभा नीट चालणार नाही. पुण्यात 165 नगरसेवक 41 प्रभागांमधून येतात, 2011 च्या जनगणनेची जुनी लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात सरासरी 80 हजारांच्या वर माणसं होतात. तिथे सभा कोणी बोलवायची, चौघांपैकी उत्तर कोणी द्यायचं, काम झालं नाही तर कॉलर कोणाची धरायची? म्हणून आधी वॉर्ड लहान आणि नगरसेवक एक, हे झालंच पाहिजे. काही जण म्हणतात मोठ्या प्रभागात महिलांना संधी मिळते आणि एकाच दादाची दहशत राहत नाही. दहशतीचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, पण चौघांच्या पॅनलमध्ये पैसेवाला एक जण बाकीच्या तिघांचा खर्च उचलतो आणि मग तेच चौघांच्या नावाने प्रभाग चालवतात हे पण आपण बघितलंय, वर अपक्ष कार्यकर्त्याने एवढ्या मोठ्या भागात प्रचार करायचा तरी कसा. आणि महिलांचं म्हणाल तर मुंबईत 227 वॉर्ड आहेत, प्रत्येकाला एकच नगरसेवक, आणि महिलांना निम्म्या जागा तिथेही मिळतातच. मुंबईकराला ज्याचा फोन नंबर एकच पाठ करावा लागतो तो हक्क नाशिक, नागपूर, सोलापूरच्या माणसाला का नाही, याचं उत्तर मला आजपर्यंत कुठल्या आमदाराने दिलेलं नाही.

आणि हे सगळं आमदारांच्याच हातात आहे. महापालिकांचे कायदे विधानसभेत आणि विधान परिषदेत बदलतात, त्याला दिल्लीला जावं लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही. मला कल्पना आहे की बऱ्याच आमदारांना मजबूत नगरसेवक नको असतो, उद्या तोच तिकीट मागेल अशी धास्ती असते, आणि क्षेत्रसभेत लोक एकदा हिशोब मागायला शिकले की आमदार निधीचाही मागतील. मागू द्या ना. ज्यांनी खरंच काम केलंय त्यांना त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही, उलट भर सभेत लोक त्यांचं नाव घेतील.

तेव्हा सत्ताधारी आणि विरोधक दोन्हीकडच्या आमदारांना माझी कळकळीची विनंती आहे की येत्या अधिवेशनातच यासाठी विधेयक आणा. सगळ्या शहरांत एकसदस्यीय वॉर्ड, आणि निवडणुकीच्या आधीच्या वर्षभरात प्रभाग पद्धत बदलायला मनाई. क्षेत्रसभेचे भाग पालिकेने जाहीर करून प्रत्येक वॉर्ड ऑफिसच्या बाहेर नकाशासकट लावावेत, सभेची तारीख आधी कळवावी आणि सभेत ठरलेल्या कामाचं पुढे काय झालं ते पुढच्या सभेत वाचून दाखवावं. नव्या नगरसेवकांनी तर विधेयकाची वाट बघू नये, क्षेत्रसभेची तरतूद आजही कायद्यात आहेच, शाळेचा हॉल संध्याकाळी रिकामा असतो, पहिली सभा याच महिन्यात बोलवा, खुर्च्या मांडायला आम्ही येतो.

आपला,
एक करदाता मतदार