अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा डिस्चार्ज केवळ वजनावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ काचेच्या पेटीतून बाहेर आले की घरचे रोज एकच विचारतात, वजन किती भरले आणि घरी कधी सोडणार? नवजात शिशु कक्षात परिचारिका म्हणून काम केल्याने हा प्रश्न मला पाठ आहे. खासगी रुग्णालयाचे वाढते बिल आणि सरकारी कक्षात खाटेसाठी ताटकळणारे पुढचे बाळ पाहता ही घाई समजण्यासारखी आहे. पण एकट्या वजनावर निर्णय घेणे धोक्याचे आहे.

बाळ उघड्या पाळण्यात आपले तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस टिकवते का, नळीशिवाय अंगावर किंवा बोंडल्याने पुरेसे दूध घेऊन त्याचे वजन सलग वाढते का, आणि मध्येच श्वास थांबण्याचा प्रकार बंद होऊन पुरेसे दिवस उलटले का, हे एकत्रच पाहावे लागते. चोखणे, गिळणे व श्वास यांचा मेळ गरोदरपणाच्या हिशेबाने साधारण चौतिसाव्या आठवड्यापासून बसू लागतो. पिता पिता दमून निळे पडणारे बाळ वजनात बसले, तरी घरी नेण्याजोगे नसते. श्वासासाठी दिलेले कॅफीनही बंद केल्यावर कित्येक दिवस शरीरात रेंगाळते, त्यामुळे लगेचचा चांगला दिवस फसवा असू शकतो.

आईची तयारीही तितकीच महत्त्वाची. पोट गरम पण तळपाय गार लागले, तर बाळाला थंडी बाधते आहे आणि त्याला तत्काळ उघड्या छातीशी धरायचे, हे तिने परिचारिकेसमोर स्वतः करून दाखवावे. नुसती मान डोलावणे पुरेसे नाही. (शेगडी-धुरीचा आग्रह धरणाऱ्या आजीबाईंनाही तेव्हाच जवळ बसवावे.)

सर्वाधिक हेळसांड डोळ्यांची होते. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून महिन्याच्या आत, आणि फारच लहान बाळाचा दोन-तीन आठवड्यांतच तपासायला हवा. डोळे वरून निरोगी दिसतात, पण तारीख हुकली तर कायमचे अंधत्व येऊ शकते. बाळ त्याआधीच घरी जात असेल, तर कार्डावर ‘नेत्रविभागात दाखवणे’ असे मोघम न लिहिता तारीख, वेळ आणि ठिकाण मराठीत लिहावे, आणि गावच्या आशाताईंना बाळ निघण्यापूर्वीच फोन करावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका