हजेरी कामाच्या वेळेत नको

मा. संपादक,

शिक्षेत सूट मिळून नाशिकरोड कारागृहातून सुटलेल्याने सुटकेची अट (उदा. पोलीस ठाण्यात हजेरी देणे, पत्ता बदलला की कळवणे) मोडली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४७३ नुसार शासन सूट रद्द करू शकते. मग विनावॉरंट अटक आणि उरलेली शिक्षा. पण अट मोडते ती बहुधा साध्या कारणाने. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीत असलेल्याला सकाळी अकराला ठाण्यात बोलावले, की हजेरी तरी बुडते, नाहीतर कामावर खाडा. भाड्याची खोली बदलून कळवले नाही, की जुन्या पत्त्यावरून 'मिळून आला नाही' असा शेरा जातो. (तो खोडायला किती खेटे, विचारू नका!) हजेरी संध्याकाळी सातनंतर घ्यावी, तारीख-वेळ टाकून पोच द्यावी आणि पत्ताबदलाचा अर्ज नव्या हद्दीतील ठाण्यातही स्वीकारावा.

– एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड