बाळ्यास पत्र

लातूर

प्रिय बाळ्या,

सहा महिने झाले, पत्र नाही की फोन नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढं वाच. माझी शुगर ठीक, आईचा गुडघा तसाच.

आमच्या बाबूचं सांगायचंय. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) पोराला 'खेळत जा' म्हणणं सोपं असतंय. शाळेत सरांची शिट्टी वाजली की हा कान दाबून भिंतीला. कबड्डीत कुणाचा हात लागला की संपलंच. डॉक्टर म्हणायचे, या वयात रोज 60 मिनिटं तरी अंग हललं पाहिजे. आम्ही म्हणायचो, आधी मोबाईल काढून घ्या! आणि हलवलं कुणी? मोबाईलनंच. इन्स्टावर त्याच्यासारखाच एक पोरगा हेडफोन घालून एकटा चालतो, रोज पावलांचा आकडा टाकतो. ते बघून बघून यानंही एक दिवस बूट घातले. पहाटे साडेपाचला, दुकानं उघडायच्या आत, गंजगोलाईच्या गोल बाजाराला चकरा. तिथं मिळणारे सोळा रस्ते, प्रत्येकाच्या तोंडाशी थांबून बोटानं मोजणार, मग पुढं. मी वीस पावलं मागं. दहा हजार म्हणजे दहा हजार. 9,960 ला घर आलं तर उरलेली चाळीस दारातच. हा आकडा 1965 साली जपानात पावलं मोजायचं यंत्र खपवायला धरलेला, असं सांगायला गेलो, तर तीन दिवस अबोला. (एरवी तरी कुठं बोलतो म्हणा.)

मग मी गाढवपणा केला. त्याचा चालतानाचा व्हिडिओ मागून काढला, हात फडफडवत, टाचा उचलून चाललेला, आणि न विचारता फेसबुकवर टाकला. 'धन्य ते आईवडील!' दिवसभर लाइक मोजत बसलो, खोटं कशाला बोलू. रात्री त्याला दिसला. अकरा वेळा बघितला. सकाळी बूट रद्दीच्या फळीवर. आज नववा दिवस. मी काढून टाकला रे, पण लोकांच्या फोनमधला कसा काढू?

गॅदरिंगला तू माझ्या पळण्याची नक्कल केलीस, आठवतंय? वर म्हणालास, "एवढं काय त्यात, कौतुकच केलं." परवा बायकोसमोर माझ्या तोंडून हेच वाक्य निघालं, हुबेहूब. ती काही न बोलता उठून गेली.

पोरीचं जमलं म्हणे, अभिनंदन, तारीख कळव. वैनींना नमस्कार. बुलेट खरंच विकलीस?

आणि एक सांग. वर्षभर तुझ्याशी बोलत नव्हतो, मग बोलायला कसा लागलो? तू माफी मागितलीस की नुसती सायकल दिलीस? मला काही केल्या आठवेना. सायकल असेल तर अवघड आहे, त्याच्याकडं आहे.

तुझा,
पक्या